शरणपूरचे शरणागत : पळालेला दास आणि कायद्याचा हात

आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक स्मरणिकेसाठी एखादा इतिहासविषयक लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा आग्रह झाला. तेव्हा रिवाजाप्रमाणे कुलदैवते, मूळ पुरुष अथवा गावोगावची नामांकित घराणी यांपैकी एखादा विषय घ्यावा, असे प्रथम आमच्या मनात आले. त्या निमित्ताने घरातील जुने दप्तर काढले आणि त्यातील मोडी वह्या वाचू लागलो. उत्तर पेशवाईतील एका जमाखर्चाच्या वहीत तेल, गूळ, मीठ यांच्या खर्चाखाली आणखी एक नोंद आढळली. पळून गेलेल्या कुणबिणीच्या शोधास दोन माणसे पाठविली, त्यांच्या शिध्याचा व वाटखर्चाचा तो आकडा होता. त्या बाईचे नाव वहीत नाही. ती सापडली की नाही, हेही नाही.

आमचे तीर्थरूप आम्हांस मोडी शिकवीत असत, तेव्हा याच वहीचा उपयोग करीत; परंतु हे पान आले की ते मुकाट्याने उलटीत. त्या वेळी त्याचे कारण आम्हांस कळले नव्हते. आता साठी उलटल्यावर कळले, आणि म्हणूनच या वर्षी पूर्वजांच्या पराक्रमाऐवजी या उलटलेल्या पानाविषयी लिहिण्याचे धाडस करीत आहोत. वाचकांनी ते गोड मानून घ्यावे.

या विषयाचा आपल्या नाशिकशी निकटचा संबंध आहे. आम्ही शिक्षक असताना एका विद्यार्थ्याने भूगोलाच्या तासाला विचारले होते, "गुरुजी, शरणपूर रोडला शरणपूर का म्हणतात? तिथे कोण कोणाला शरण गेले?" आम्ही "जुने नाव आहे, बाळ," असे म्हणून वेळ मारून नेली. आज त्या प्रश्नाचे उत्तर देण्याचा हा उशिराचा यत्न आहे.

दास्य ही संस्था परदेशातीलच, अशी आपल्या मनाची समजूत असते. आफ्रिकेतील माणसे, अमेरिकेतील कापसाचे मळे आणि चाबूक एवढेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुस्थिती तशी नाही. 'कुणबीण', 'बटीक' आणि 'गुलाम' हे शब्द आपल्या जुन्या कागदपत्रांत पदोपदी आढळतात. दुष्काळात आईबापांनी विकलेल्या मुली, स्वारीत धरून आणलेल्या स्त्रिया, बदकर्माचा आरोप शाबीत होऊन सरकारने दास्यात घातलेल्या स्त्रिया अशा नाना मार्गांनी त्या या स्थितीत येत. किल्ल्यांवर, पागांत, कोठ्यांत आणि सुखवस्तू ब्राह्मण, मराठा व सावकार घराण्यांत त्या दळणकांडण, शेणगोठा व पाणी भरणे ही कामे करीत. त्यांच्या खरेदीची पत्रे होत. खरेदीवर सरकारची जकात असे, आणि नाक्यावरून त्यांस नेताना दस्तक दाखवावे लागे. म्हणजे ज्या चौकीवर मिठाच्या गोणीची नोंद होई, त्याच चौकीवर माणसाचीही होई.

येथे एक गोष्ट अभिमानाने नमूद केली पाहिजे. शिवछत्रपतींनी १६७७ साली कर्नाटकच्या स्वारीत डच व्यापाऱ्यांस जो कौल दिला, त्यात पूर्वीच्या राजवटीत चालत असलेली स्त्रीपुरुषांची खरेदीविक्री आपल्या अंमलात चालणार नाही, आणि कोणी तसा यत्न केल्यास आपले लोक तो होऊ देणार नाहीत, अशा आशयाचे कलम घातले. या कलमाचा उत्तरार्ध आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो. केवळ मनाई करून महाराज थांबले नाहीत. ती मनाई अमलात कोणी आणावयाची, तेही त्यांनी सांगितले. पुढील काळी हा कित्ता गिरविला गेला नाही, हे दुःखाने कबूल करावे लागते.

आता मूळ मुद्द्यास हात घालू. दासास दास्यात कोण ठेवतो? धनी ठेवतो, असे उत्तर सहज सुचते. परंतु ते अपुरे आहे. एकटा धनी किती जागता पहारा देईल? रात्री दिंडी उघडून बाई बाहेर पडली, दोन कोस चालून गेली, तर धन्याच्या हातून ती सुटलीच. तिला परत आणतो तो दुसराच हात. गावचा पाटील तिला थांबवून "तू कोणाची?" असे विचारतो. चौकीवरचा शिपाई दस्तक मागतो. कोतवाल वा कमाविसदार पत्र आले की शोध करवून तिला धन्याच्या हवाली करतो. ही माणसे स्वभावाने क्रूर होती असे नव्हे. चोरीस गेलेला बैल शोधावा, तशीच पळालेली कुणबीण शोधावी, हे त्यांचे नेमून दिलेले काम होते. दास्याची बेडी धन्याच्या घरी घडते खरी, पण तिचे कुलूप सरकारच्या चावडीवर असते. हे एकदा ध्यानात घेतले म्हणजे पुढील सर्व इतिहास उलगडतो.

इंग्रजी अंमल आला म्हणून हे कुलूप लगेच उघडले नाही. १८३३ साली पार्लमेंटने आपल्या वसाहतींतील दास्य बंद करण्याचा कायदा केला, पण कंपनीच्या ताब्यातील हिंदुस्थान त्यातून वगळला. अखेर १८४३ चा पाचवा कायदा झाला. तो अवघ्या काही ओळींचा आहे, आणि त्यात 'सर्व दास आजपासून मुक्त' असे कोठेही म्हटलेले नाही. त्यात म्हटले आहे ते असे : सरकारी वसुलीसाठी वा कोर्टाच्या हुकुमाने कोणाही माणसाची दास म्हणून विक्री करू नये; अमुक माणूस माझी मालमत्ता आहे हा दावा कोणत्याही दिवाणी वा फौजदारी कोर्टाने अथवा मॅजिस्ट्रेटने मानू नये; आणि स्वतंत्र माणसाविरुद्ध जे कृत्य गुन्हा ठरते, ते दासाविरुद्ध केले तरी गुन्हाच ठरावे. सारांश, सरकारने आपला हात काढून घेतला. 'माझी कुणबीण पळाली, धरून द्या' असा अर्ज घेऊन धनी चावडीवर गेला, तर तो अर्ज कोणी घेईना.

हा कायदा दिसावयास मवाळ होता, आणि कित्येक घरांतील कुणबिणींस त्याची वार्ताही अनेक वर्षे पोहोचली नसेल. धन्यांनी पळवाटाही शोधल्या. पळालेल्या व्यक्तीवर दागिना चोरल्याची फिर्याद दिली, की दास म्हणून नव्हे तरी चोर म्हणून तिला धरून आणता येई. तथापि तत्त्व ठरले ते ठरले.

या उलट त्याच सुमारास अमेरिकेत काय घडत होते, ते पाहण्यासारखे आहे. तेथील उत्तरेच्या संस्थानांत दास्य बंद झाले होते, म्हणून दक्षिणेतील दास पळून तिकडे जात. १८५० साली तेथील काँग्रेसने कायदा केला की पळालेला दास कोठेही सापडला तरी सरकारी मार्शलने त्यास धरावे, सामान्य नागरिकांनीही बोलावल्यास त्या कामी साह्य करावे, आणि जो त्यास आश्रय देईल त्यास एक हजार डॉलरपर्यंत दंड व कैद व्हावी. धरलेल्या माणसास स्वतःच्या बाजूने साक्ष देण्याची मुभा नव्हती. निवाडा करणाऱ्या कमिशनरास, त्याने माणूस परत पाठविला तर दहा डॉलर व मोकळा सोडला तर पाच डॉलर फी मिळे. न्यायाच्या तराजूत कोणत्या पारड्यात वजन टाकले होते, हे वेगळे सांगावयास नको. १८५४ च्या उन्हाळ्यात बोस्टन शहरात अँथनी बर्न्स नावाच्या पळून आलेल्या तरुणास सैन्याच्या पहाऱ्यात बंदरावर नेऊन जहाजात चढविले, तेव्हा रस्त्यांत हजारो नागरिक धिक्कार करीत उभे होते. पुढील वर्षी लोकांनीच पैसे जमवून त्यास सोडविले.

त्याच सुमारास, म्हणजे १८५४ च्या आसपास, आपल्या नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी एक वसाहत वसविली. तिलाच शरणपूर हे नाव मिळाले. आरंभी ती येथील नवख्रिस्ती कुटुंबांसाठी होती. पुढे तेथे आफ्रिकन मुलांचे आश्रयस्थान निघाले. ही मुले नाशकास आली कशी, ही हकीकत मनोवेधक आहे.

आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून झांझिबारमार्गे अरबस्तान व इराणी आखाताकडे दासांची गलबते जात. या व्यापाराच्या उलाढालीत कच्छ-काठेवाडकडील आपल्या देशबांधवांचे भांडवलही गुंतले होते, हे लपविण्याजोगे नाही. १८६० च्या सुमारास झांझिबारचा इंग्रज कॉन्सल रिग्बी याने तेथील हिंदी प्रजाजनांच्या घरचे हजारो दास मुक्त करविले. इंग्रजांची लढाऊ गलबते समुद्रात गस्त घालून दासांची जहाजे पकडीत. सोडविलेल्या माणसांमागे खलाशांस बक्षीसही मिळे. सोडविलेली माणसे एडनला वा मुंबईस उतरविली जात. मुंबईस उतरल्यावर त्यांचा ताबा येई पोलीस कमिशनरकडे. जो पोलीस अन्यत्र पळालेल्या दासास धरीत होता, तोच येथे सुटलेल्या दासाची सोय लावीत होता. मोठी माणसे गोदीत व आगबोटींवर कामास लागत. कित्येक मुलेमुली घरकामासाठी कुटुंबांत दिली जात. काही मिशनच्या शाळांत पाठविली जात. त्यांपैकी पुष्कळ मुले नाशकास आली.

ही मुले येथे सुतारकाम, लोहारकाम, शेती आणि लिहिणे-वाचणे शिकली. त्यांची मूळ नावे गेली व नवी आली, धर्मही बदलला. त्यांतील कोणास विचारून हे झाले नव्हते, हेही निःपक्षपाती इतिहासकाराने सांगितले पाहिजे. गोदावरीकाठच्या या गावात ती हिंदुस्थानी बोलू लागली. पुढे आफ्रिकेत त्यांस 'मुंबईकर आफ्रिकन' असेच म्हणत. प्रसिद्ध प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८६५ साली मुंबई इलाख्यात आला, तेव्हा त्याने नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण आपल्या अखेरच्या प्रवासासाठी निवडले. १८७२ साली आणखी काही जण त्याच्याकडे पोहोचले. त्यांत जेकब वेनराइट व मॅथ्यू वेलिंग्टन हे होते. १८७३ च्या मे महिन्यात लिव्हिंग्स्टन आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला. सुसी व चुमा हे त्याचे जुने सोबती आणि ही नाशिकची मंडळी यांनी ते शव सुकवून, कापडात गुंडाळून, कित्येक महिने पायी चालत समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले. ज्या झाडाखाली त्याचे हृदय पुरले, त्याच्या बुंध्यावर जेकब वेनराइटने अक्षरे कोरली. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत हा नाशकात शिकलेला तरुण होता.

१८७३ हे साल या इतिहासात संस्मरणीय आहे. मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रेर यांच्या शिष्टाईनंतर त्या वर्षीच्या जून महिन्यात झांझिबारच्या सुलतानाने दासांचा बाजार बंद करण्याच्या तहावर सही केली. त्याच वर्षी पुण्यात महात्मा जोतीराव फुले यांनी 'गुलामगिरी' हा ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि निग्रो लोकांस दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांस तो अर्पण केला. जोतीरावांनी परक्यांच्या दास्यमुक्तीचा गौरव करता करता आपल्या घरचे पान उघडले. आपण मात्र ते पुष्कळ काळ उलटीतच राहिलो.

पुढे १८७४-७५ साली फ्रेर यांच्या सूचनेवरून रेव्हरंड प्राइस यांनी मोंबासाजवळ 'फ्रेरटाउन' ही वसाहत स्थापिली, आणि नाशिकचे आफ्रिकन आश्रयस्थान बंद होऊन येथील मंडळी तिकडे गेली. मोंबासात आजही त्या भागास 'केंगेलेनी', म्हणजे घंटेचे ठिकाण, म्हणतात. दास पकडणारे चालून आले तर इशारा देण्यासाठी तेथे घंटा टांगली होती.

वाचकांस वाटेल की येथे गोष्ट सुखान्त झाली. तसे नाही. दासांचा व्यापार बंद झाला, पण किनाऱ्यावरचे दास्य कायम होते. धन्याकडून पळालेली माणसे आता फ्रेरटाउन व राबाई येथील मिशनच्या दारी येऊ लागली, आणि त्यांस परत देण्याची मागणी होऊ लागली. समुद्रातही तोच पेच पडला. १८७५ च्या जुलैत इंग्रज आरमार खात्याने आपल्या कप्तानांस परिपत्रक धाडले, की परक्या राज्याच्या बंदरात पळालेला दास जहाजावर चढला, तर त्यास सामान्यतः परत करावे. ज्या सरकारने दास सोडविण्यास गलबते ठेवली, तेच सरकार दास परत देण्यास सांगू लागले! विलायतेत एवढा गदारोळ उठला की ते परिपत्रक मागे घ्यावे लागले व १८७६ साली चौकशीसाठी रॉयल कमिशन बसले.

राबाई येथे विल्यम हेन्री जोन्स हा गृहस्थ होता. तो स्वतः बालपणी दास म्हणून पकडला गेलेला, नाशकात शिकलेला, आणि १८६४ साली आपला सोबती इश्माएल सेमलर याजबरोबर आफ्रिकेस परत गेलेला. पुढे त्यास धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली. पळालेल्यांस आश्रय देऊ नये, अशी मिशनच्या वरिष्ठांची सावधगिरीची भूमिका होती. कारण मोंबासाचे धनी चिडून हल्ला करण्याच्या तयारीत असत. पण दारी आलेल्या माणसास परत पाठविणे जोन्सच्याने झाले नाही. १८८८ साली ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा प्रतिनिधी जॉर्ज मॅकेंझी मोंबासास आला, तेव्हा मोजणीत मिशनच्या वसाहतींतून सुमारे चौदाशे पळालेले दास निघाले. त्यांतील मोठा भाग एकट्या राबाईत होता. त्यांस परत धरून द्यावे तर मोठा अनर्थ, न द्यावे तर युद्ध, असा प्रसंग आला. अखेर धन्यांस नुकसानभरपाई देऊन सर्वांस मुक्तीचे दाखले देण्याचे ठरले, आणि १ जानेवारी १८८९ रोजी राबाईत ते वाटण्यात आले. त्या प्रसंगी वृद्ध प्राइसही आफ्रिकेत होते. ब्रिटिश अंमलाखालील त्या किनाऱ्यावर दास्याची कायदेशीर मान्यता संपण्यास पुढे १९०७ साल उजाडावे लागले.

आम्हांस जोन्सचे मोठेपण यात वाटते. तो सैन्याचा अधिकारी नव्हता, न्यायाधीश नव्हता. दार उघडे ठेवणे एवढेच त्याच्या हाती होते. ज्या शब्दाचा अर्थ आम्ही वर्गात सांगू शकलो नाही, तो 'शरण' शब्द नाशकात शिकलेल्या त्या माणसाने सातासमुद्रापार आचरून दाखविला. विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर हे असे आहे : येथे निराश्रितांस शरण मिळाले, आणि त्यांच्यापैकी एकाने ते पुढे इतरांस दिले.

आता आपल्याकडे वळू. १८४३ च्या कायद्याने धन्याचा अर्ज फेटाळला, पण १८५९ साली दुसरा कायदा झाला. त्यान्वये आगाऊ रक्कम घेऊन काम सोडून गेलेल्या मजुरास मॅजिस्ट्रेटपुढे खेचता येई, कामावर परत धाडता येई, आणि न ऐकल्यास तुरुंगात टाकता येई. तो १९२५ च्या कायद्याने रद्द होईपर्यंत साठांहून अधिक वर्षे पळालेल्या माणसामागे पुन्हा शिपाई धावत होता. त्यास आता दासाऐवजी करार मोडणारा म्हणत, एवढाच काय तो फरक. १९७६ साली वेठबिगार निर्मूलनाचा कायदा झाला आणि कायद्याचा हात प्रथमच उलट दिशेने वळला. वेठीस ठेवलेल्यास सोडविणे व ठेवणाऱ्यावर खटला भरणे हे जिल्हाधिकारी व त्यांच्या हाताखालील अधिकाऱ्यांचे कर्तव्य ठरले. तरीही २०२२ साली आपल्याच जिल्ह्यातील इगतपुरी तालुक्यातील कातकरी मुले थोड्या पैशांच्या व एखाद्या मेंढीच्या मोबदल्यात मेंढपाळांकडे राबत असल्याचे उघडकीस आले, आणि त्यापायी एका लहान मुलीचा जीव गेला, तेव्हा कोठे गुन्हे नोंदले गेले. शरणपूरपासून इगतपुरी काही फार दूर नाही.

असो. विस्तारभयास्तव येथे थांबतो. ज्ञातिबांधवांस व भगिनींस एकच विनंती आहे. आपापल्या घरी जुनी दप्तरे असतील, त्यांत अशी पाने निघतील. ती फाडू नका, जाळू नका, आणि आमच्या वडिलांप्रमाणे उलटूही नका. त्यांनी आमच्या लहान वयाकडे पाहून ते केले असेल. आता आपण लहान नाही. संस्थेच्या वंशावळीच्या ग्रंथात आपण मूळ पुरुषापासून सर्वांची नावे छापतो. त्याच घरांत ज्या बायांनी दळले, पाणी भरले, मुले अंगाखांद्यावर खेळविली, त्यांची नावे जेथे सापडतील तेथे तीही छापावी, आणि जेथे सापडणार नाहीत तेथे 'एक कुणबीण' एवढे तरी लिहावे. आमची वही आम्ही संस्थेच्या ग्रंथालयाच्या स्वाधीन करीत आहोत. त्या पानावर खूण घातली आहे.

ती बाई सापडली की नाही, हे वहीत नाही, असे आरंभी सांगितले. पुढील महिन्यांच्या जमाखर्चात आम्ही पुन्हा पुन्हा शोध घेतला. तिच्या नावाचे धान्य वा लुगडे पुन्हा कोठे खर्ची पडलेले नाही. ती सुटली असावी, वाटेत कोणीतरी दार उघडे ठेवले असावे, एवढी आशा आमच्या घराण्याच्या वतीने आम्ही बाळगतो.